सीओटू मशीनची तार सारखी अडकतेय? टेन्शन नॉब आवळायच्या आधी हे बघा

वेल्डिंग करताना मशीनमधून सरकत येणारी तार दोन-तीन सेकंद नीट चालते, मग अडखळते, मग एकदम झटका देऊन बाहेर येते, आर्क, म्हणजे वेल्डिंगची ठिणगी, फडफडतो आणि शेवटी तार टीपलाच, म्हणजे जिच्या भोकातून ती बाहेर येते त्या तोटीलाच, चिकटून बसते. मग पक्कड घ्या, नोझल काढा, टीप काढा, तार कापा, नवी टीप लावा, परत सुरू करा, आणि अर्ध्या तासात परत तेच. ज्यांच्याकडे मिग मशीन आहे, म्हणजे आपल्या शेडच्या भाषेत सीओटू मशीन, त्यांनी हे कधी ना कधी भोगलेलं असतंच. आणि बहुतेक ठिकाणी यावर इलाज एकच करतात, फीडरचं, म्हणजे तार पुढे ढकलणाऱ्या भागाचं, झाकण उघडायचं आणि तार दाबून सरकवणाऱ्या रोलरचा टेन्शन नॉब अर्धा फेरा आवळायचा. तासभर बरं चालतं म्हणून वाटतं जमलं. पण तो अर्धा फेराच पुढच्या आठ दिवसांची वाट लावतो. तार कुठे अडकतेय ते सापडेपर्यंत त्या नॉबला हात लावू नका, हे माझं पहिलं सांगणं.

माझ्याकडे काय झालं ते आधी सांगतो. आमची शेड कोल्हापूरजवळ, काम मुख्य उसाच्या ट्रॉल्यांचं. चेसिसला एक मोठं मशीन आहे, त्यावर १.२ एमएमची तार चालते, आणि फाळके, पत्रा, बारीक ब्रॅकेट यासाठी २५० अँपिअरचं दुसरं, त्यावर ०.८ ची तार. गळीत हंगाम तोंडावर आला की दुरुस्तीच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या राहतात आणि नेमकं तेव्हाच ०.८ वालं मशीन अडकायला लागलं. आठ दिवस हेच चाललं होतं, टीपचं अख्खं पाकीट संपलं, तार बदलली, दुसऱ्या कंपनीची आणली, तरी तेच. एक मेकॅनिक येऊन म्हणाला फीडरची मोटर कमजोर झालीय, बोर्डही बघावा लागेल. खर्च ऐकून मी जवळजवळ हो म्हणालोच होतो.

त्या रात्री कामाची मुलं घरी गेल्यावर मी टॉर्च (हातात धरून वेल्डिंग करायची बंदूक, तिच्या केबलसकट) फीडरपासून सोडवला, जमिनीवर सरळ टाकला, तार बाहेर ओढली आणि लायनर (केबलच्या आतली नळी, जिच्यातून तार सरकते) काढून वर्तमानपत्रावर आपटला. चिमूटभर तपकिरी भुकटी पडली आणि तिच्यात तांब्याचे चकाकणारे कण. चुंबक जवळ नेलं तर थोडी भुकटी उडी मारून चिकटली, तांब्याची तशीच कागदावर राहिली. मग ओढून काढलेली तार दोन बोटांत धरून फिरवली तर ती गोल लागतच नव्हती, एका बाजूने चपटी आणि नख फिरवलं तर बारीक बारीक दात लागत होते. आणि तिसरं म्हणजे लायनरवरचं आवरण लाल होतं. लाल लायनर असतो १.० ते १.२ च्या तारेचा. ०.८ ला निळा लागतो. कधीतरी घाईत मोठ्या मशीनचा लायनर इकडे बसवला गेला होता आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मोटर एकदम ठणठणीत होती. नवीन निळा लायनर, नवीन रोलर, आणि टेन्शन जवळजवळ सगळं ढिलं करून परत सेट केलं. तेवढ्यावर पूर्ण हंगाम निघाला.

आता हे चक्र कसं फिरतं ते नीट समजून घ्या, कारण एकदा हे कळलं की बाकीचं आपोआप सुचतं. पावसाळ्यात आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये ओल असते, तारेचा स्पूल (रीळ) मशीनवरच उघडा राहिला, वरच्या थरांवर गंजाची झाक आली. गंजलेली तार लायनरमध्ये घासते, भुकटी आत साठते, तारेला ओढ लागते, रोलर घसरतो. रोलर घसरला म्हणून आपण टेन्शन आवळतो. आवळल्यावर रोलर तारेला चेपतो, तिच्यावरचा तांब्याचा मुलामा खरवडतो, आता गंजाबरोबर तांब्याची भुकटीही लायनरमध्ये जाते आणि चपटी झालेली तार टीपच्या गोल भोकात अडते. ओढ आणखी वाढते. मग आपण आणखी आवळतो. फीडरमध्ये रोलरखाली तांबूस पावडर साठलेली दिसली तर समजा हे चक्र तुमच्याकडे सुरू झालंय.

म्हणून शोधायची पद्धत अशी ठेवा, स्पूलपासून टीपपर्यंत तारेचा रस्ता तुकड्या-तुकड्यात तपासायचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आम्ही चुकलो ते इथेच, टीप, तार, व्होल्टेज सगळं एकदम बदलत होतो त्यामुळे काय केल्याने काय झालं हेच कळत नव्हतं.

मशीन मेन स्विचवरून बंद करा. रोलरचा दाब देणारा हात वर उचला म्हणजे तार मोकळी झाली. टॉर्चची केबल जमिनीवर सरळ पसरा. आता नोझल काढून, टीपमधून बाहेर आलेलं तारेचं टोक पकडीत धरा आणि ओढा. हाताला फार जोर न लागता तार सलग आली पाहिजे, स्पूल मागे शांतपणे फिरला पाहिजे. जड येत असेल तर आता टीप काढून टाका आणि परत ओढा. टीप काढल्यावर हलकी आली तर दोष टीपचा. तरीही जड असेल तर स्पूलजवळ तार हाताने थोडी सैल सोडवून घ्या, म्हणजे स्पूलचा भार नाही, आणि परत ओढा. आता हलकी आली तर स्पूलचा ब्रेक घट्ट आहे किंवा तार स्पूलवर एकात एक अडकलीय. तरीही जडच असेल तर राहिला लायनर. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यात तीन-चतुर्थांश शोध संपतो. आणि जर सगळीकडे तार हलकीच येत असेल, तर मग दोष रोलरमध्ये, सेटिंगमध्ये किंवा करंटमध्ये, तारेच्या रस्त्यात नाही.

दुसरी एक तपासणी मला फार उपयोगी पडते. फीडरवर तार पुढे सरकवायचं इंच बटण असेल तर ते दाबून सहा सेकंद तार सोडा, कापा, मोजा आणि दहाने गुणा, तो झाला मिनिटाचा वेग. ५० सेंटिमीटर निघाली म्हणजे ५ मीटर प्रति मिनिट. काही मशीनला इंच बटणाचा वेग वेगळाच ठेवलेला असतो पण इथे आपल्याला फक्त तुलना करायचीय, त्यामुळे चालतं. केबल सरळ ठेवून एकदा मोजा, मग केबलचा एक गोल वेढा करून परत मोजा. दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. वेढा घातल्यावर तार कमी निघाली तर लायनर घासतोय आणि रोलर घसरतोय, डोळ्याला दिसत नसलं तरी. इंच बटण नसेल आणि ट्रिगर दाबून हे करणार असाल तर लक्षात ठेवा, तेव्हा तारेत करंट असतो, टॉर्च जॉबपासून (ज्यावर वेल्डिंग करायचंय त्या लोखंडापासून) आणि अंगापासून लांब धरा, आणि तार येतेय का बघायला टॉर्च कधीच तोंडासमोर धरू नका. तार सुईसारखी घुसते.

आता एकेक भाग घेतो.

स्पूल. १५ किलोचा स्पूल जड असतो, ट्रिगर सोडल्यावर तो स्वतःच्या वजनाने पुढे फिरत राहिला तर तारेचे वेटोळे सैल पडतात आणि पुढच्या वेळी एकावर एक चढून गाठ बसते. म्हणून हबच्या (ज्यावर स्पूल बसतो तो) मध्ये ब्रेकचा नट किंवा स्प्रिंग असते. ब्रेक एवढाच हवा की ट्रिगर सोडला की स्पूल लगेच थांबावा, त्याहून जास्त नको. नवीन स्पूल लावताना टोक हातातून सोडू नका, एकदा सुटलं की अख्खा स्पूल वाया जाऊ शकतो. टोकाचा वाकडा भाग कापून टाका, पहिले दहा सेंटिमीटर सरळ करा आणि टोकाची धार कानसीने गोल करा, नाहीतर ती धार लायनरला आतून ओरबाडत जाते. हे मी नवीन पोराला पहिल्याच दिवशी शिकवतो.

तारेबद्दल पण थोडं. आपण एमएसला (साध्या लोखंडाला) जी वापरतो ती बहुतेक ईआर७०एस-६, त्यातल्या ७० चा अर्थ ७० हजार पीएसआयची ताकद, म्हणजे साधारण ४८० मेगापास्कल, एस म्हणजे भरीव तार, आणि ६ हा रसायनाचा प्रकार, त्यात मँगनीज आणि सिलिकॉन जास्त असल्याने थोडा गंज-मळ असला तरी वेल्ड सांभाळून घेते. पण हे सांभाळणं जॉबवरच्या गंजाचं, तारेवरच्या गंजाचं नाही. तार घेताना एक वेटोळं कापून फरशीवर मोकळं टाका. चांगल्या तारेचं वर्तुळ फूट-दीड फुटापेक्षा मोठं पडतं आणि टोक फरशीपासून इंचापेक्षा जास्त उचललं जात नाही. जी तार स्प्रिंगसारखी उभी राहते ती टीपमधून बाहेर पडताना गिरकी घेणार, तुम्ही सरळ रेघ मारताय आणि वेल्ड नागमोडी येतंय असं दिसतं. स्वस्तातल्या काही स्पूलवर तार ओळीने गुंडाळलेली नसते, कशीही एकावर एक. किलोमागे चार पैसे वाचतात आणि ते सगळे टीपमध्ये जातात.

रोलर. त्यावर दोन खाचा असतात, एका बाजूला ०.८ तर दुसऱ्या बाजूला १.० किंवा १.२. रोलर उलटा बसला की तार मोठ्या खाचेत लोळते. बाजूला छापलेला आकडा कुठल्या खाचेचा हे प्रत्येक मशीनवर वेगळं असू शकतं म्हणून आकड्यावर विसंबू नका, तारेचा तुकडा खाचेत ठेवून बघा. तार साधारण अर्धी खाचेच्या वर दिसली पाहिजे. पूर्ण आत बुडत असेल तर खाच मोठी आहे किंवा झिजलीय, आणि अशा रोलरला कितीही आवळा, तो पकडणार नाही. भरीव लोखंडी तारेला व्ही आकाराची खाच, अ‍ॅल्युमिनियमला यू आकाराची, आणि फ्लक्स भरलेल्या तारेला दाते असलेला रोलर. दातेवाला रोलर भरीव तारेवर चालवला तर वर सांगितलेली भुकटी चोवीस तास तयार होत राहते.

रोलरच्या पुढे जी छोटी नळी असते, जिच्यातून तार टॉर्चमध्ये शिरते, ती रोलरच्या जितकी जवळ तितकं चांगलं आणि खाचेच्या अगदी सरळ रेषेत. पुढे तार अडली की ती याच फटीतून बाहेर उसळते आणि फीडरमध्ये पक्ष्याच्या घरट्यासारखा गुंता होतो. घरटं झालं म्हणजे समजा पुढे कुठेतरी अडलंय आणि मागून टेन्शन गरजेपेक्षा जास्त आहे. टेन्शन बरोबर असेल तर पुढे अडल्यावर रोलर नुसता घसरला पाहिजे, गुंता व्हायलाच नको.

मग टेन्शन किती? नॉब ढिला करा, टॉर्च एका लाकडाच्या ठोकळ्यासमोर तिरपा धरा, टीपपासून लाकूड साधारण ५ सेंटिमीटर, आणि तार सोडा. लाकडाला टेकल्यावर रोलर घसरला पाहिजे. आता टॉर्च १० सेंटिमीटरवर न्या, तार लाकडाला टेकून वाकत वाकत पुढे येत राहिली पाहिजे. दोन्ही जमलं की नॉब तिथेच सोडा. आम्ही त्या ठिकाणी ऑइलपेंटने बारीक खूण केलीय, कुणी आवळलं की लगेच दिसतं. (लाकूडच घ्या, लोखंड नको, आणि अर्थिंगचा क्लॅम्प, म्हणजे जॉबला लावायचा चिमटा, काढून ठेवा.)

लायनरबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं आणि सगळ्यात जास्त त्रास त्याचाच. तो आत असतो, दिसत नाही म्हणून कुणी बघत नाही. रंग सांगितलाच, निळा ०.८ पर्यंत, लाल १.० ते १.२, पिवळा त्याहून जाड. लहान लायनरमध्ये जाड तार अडकणार हे सगळ्यांना कळतं, पण मोठ्या लायनरमध्ये बारीक तार आत सापासारखी लोळते, प्रत्येक वळणावर भिंतीला घासते, आणि ट्रिगर दाबल्यावर आधी ती वळणं भरतात मग तार बाहेर येते, म्हणून सुरुवातीला अडखळून मग झटका. हे आमच्याकडे होत होतं.

बदलताना केबल पूर्ण सरळ पसरा, मागचा नट काढा, जुना ओढून घ्या, टीप आणि टीप होल्डर काढून नवा हळूहळू सारत जा, जबरदस्ती केली की तो आत मुडपतो आणि मग त्याच जागी कायमचा अडथळा. मागचा नट आवळल्यावर पुढे लायनर बाहेर येतो, तो कापायचा, आणि चूक होते ती इथे. आखूड कापला तर लायनर आणि टीपच्या मध्ये मोकळी जागा राहते, तार तिथे वाकते आणि टीपच्या मागच्या तोंडावर अडकते. लायनर पुढे होल्डरला टेकलाच पाहिजे. जुना लायनर बरोबर लांबीचा असेल तर दोन्ही शेजारी ठेवून मापून कापा, शंका असेल तर दोन एमएम जास्त ठेवा, जास्त असेल तर परत कापता येतं. कापल्यावर आतली बुर (कापल्याने उठलेली धार) कानसीच्या टोकाने किंवा बारीक खिळ्याने साफ करा, भोक गोल झालंय का तारेचा तुकडा घालून बघा.

दर स्पूलला एकदा लायनरमध्ये कॉम्प्रेसरची हवा मारा, टीप काढून, टॉर्च सोडवून, चष्मा लावून. बाहेर काय पडतंय ते बघितलं की पुढच्या वेळी सांगावं लागणार नाही. तेल, ग्रीस काही घालू नका, काही लोक घालतात, दोन दिवस तार लोण्यासारखी चालते, मग त्या तेलाला भुकटी चिकटून आत चिखल होतो आणि तेल वेल्डमध्ये जाऊन भोकं पडतात ती वेगळीच.

टीप. तिचं भोक कालांतराने एका बाजूला लांबट होतं, मग तारेला करंट नीट मिळत नाही, आर्क कमी-जास्त होतो. उजेडाकडे धरून बघा, भोक अंड्यासारखं दिसलं की फेका. पण नवी टीप अर्ध्या तासात जात असेल तर टीपला दोष देऊ नका. टीप हाताने नुसती फिरवून बसवली तर आट्यांमधून उष्णता होल्डरकडे जात नाही, टीप तापते, भोक आवळतं, तार चिकटते. पान्याने एवढंसं आवळा.

तार टीपला जाऊन चिकटणं याची बाकी कारणं थोडक्यात, टॉर्च जॉबच्या फार जवळ, व्होल्टेज जास्त आणि तारेचा वेग कमी, किंवा बर्नबॅकचा नॉब जास्त ठेवलाय. बर्नबॅक म्हणजे ट्रिगर सोडून तार थांबल्यावर करंट किती वेळ चालू राहणार ते, जास्त असेल तर आर्क वर चढत टीपपर्यंत येतो, फार कमी असेल तर तार वेल्डमध्येच रुतून बसते. टीपपासून जॉबपर्यंत अंतर तारेच्या जाडीच्या दहा ते पंधरा पट, म्हणजे ०.८ ला ८ ते १२ एमएम, १.२ ला १२ ते १८.

आता एक प्रकार असा, तारेचा रस्ता एकदम साफ, तरी कारागीर म्हणतो तार अडकतेय. हे बऱ्याचदा सेटिंगचं असतं. व्होल्टेजच्या मानाने तार जास्त असली की ती वितळायच्या आत जॉबला ढोसते, टकटक आवाज, टॉर्च हाताला मागे ढकलतो, तारेचे न वितळलेले तुकडे वेल्डमध्ये उभे राहतात. तार कमी असली की फुसफुस आवाज, मोठे थेंब, आणि आर्क टीपकडे चढतो. बरोबर असेल तेव्हा कढईत भजी सोडल्यावर जसा एकसारखा चर्र आवाज येतो तसा येतो, आणि एकदा तो कान ओळखायला लागला की मीटरकडे फार बघावं लागत नाही. सुरुवातीला एक हिशोब धरा, अँपिअरला ०.०५ ने गुणा आणि त्यात १४ मिळवा. १०० अँपिअर असतील तर ५ आणि १४, झाले १९ व्होल्ट. तिथून अर्धा-एक व्होल्ट इकडे तिकडे. आणि ०.८ ची तार मिनिटाला ५ मीटर चालली की साधारण १०० अँपिअर घेते, १.२ ची तार पावणेचार-चार मीटरलाच १५० घेते. मिग मशीनवर अँपिअरचा वेगळा नॉब नसतो, तारेचा वेग म्हणजेच अँपिअर, हे रॉडने वेल्डिंग करायच्या मशीनवरून आलेल्या माणसाला मुद्दाम सांगावं लागतं.

अर्थिंग आणि लाइट, हे दोन्ही विसरू नका. क्लॅम्प रंगावर किंवा गंजावर लावला की आर्क असाच फडफडतो आणि वाटतं तार अडकली. काम थांबवून, मशीन बंद करून क्लॅम्पला हात लावा, चांगलाच गरम असेल तर जोड कच्चा आहे. ग्राइंडर मारून चकचकीत लोखंडावर लावा. आणि गावाकडे शेतीपंपांची लाइन चालू झाली की व्होल्टेज खाली येतं, आमच्याकडे काही वेळा १९० पर्यंत मीटरवर पाहिलंय. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या मशीनवर मागचा पुरवठा पडला की पुढचं व्होल्टेज पडतं, तार मात्र त्याच वेगाने येते, मग ढोसणारच. सकाळी छान चालणारं सेटिंग संध्याकाळी चालत नसेल तर आधी मल्टिमीटर लावा, तेही वेल्डिंग चालू असताना, नुसत्या चालू मशीनवर नाही. बारीक एक्स्टेन्शन वायरवर ५० मीटर लांब मशीन नेलं तरी हेच होतं, किमान ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल घ्या.

गॅसमुळे तार अडकत नाही, पण भोकं पडायला लागली की लोक तारेच्या मागे लागतात म्हणून सांगतो. सीओटूच्या सिलिंडरमध्ये आत द्रव असतो, त्यामुळे वरचं प्रेशर, २० अंशाला साधारण ५७ बार, द्रव संपेपर्यंत तेवढंच दाखवतं, काटा खाली यायला लागला म्हणजे द्रव संपलाय आणि थोडाच वेळ उरलाय. उन्हाळ्यात ३१ अंशांच्या वर तर काट्याचा हा हिशोबही लागत नाही. खरं माप वजनाचं, रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावर ठोकलेलं असतं. सलग वेल्डिंग चाललं की रेग्युलेटर थंड पडून आतून गोठतो, बाहेर बर्फ दिसतो, गॅस तुटक येतो आणि वेल्डला मधेच जाळी पडते. त्यासाठी हीटरवाला रेग्युलेटर असतो, त्याची पिन मशीनच्या मागे लावलीय का बघा, आमच्याकडे दोनदा ती नुसतीच लोंबकळत होती. गोठलेल्या रेग्युलेटरला गॅसकटरची ज्योत दाखवणारे मी बघितलेत, कृपा करून हे करू नका आणि तुमच्या मुलांना करू देऊ नका. सिलिंडर उभाच, साखळीने बांधलेला. फ्लो १० ते १५ लिटर प्रति मिनिट पुरतो, २० च्या वर नेला तर गॅस उलट भोवरे करून बाहेरची हवा आत ओढतो. पंखा सरळ जॉबवर असेल तर कितीही गॅस सोडा, उपयोग नाही. नोझलमधला स्पॅटर (उडून चिकटलेले थेंब) काढा, त्याने डिफ्यूझरची, म्हणजे गॅस पसरवणाऱ्या भागाची, भोकं बंद झालेली असतात.

बिनगॅसची फ्लक्स तार लावणार असाल तर मशीनच्या आतली पट्टी बदलून टॉर्च निगेटिव्हला घ्यावा लागतो, भरीव तारेला गॅसबरोबर टॉर्च पॉझिटिव्हला. हे न बदलता लोक तार खराब म्हणून परत करतात. अ‍ॅल्युमिनियमला टेफ्लॉनचा लायनर, यू रोलर, एक नंबर मोठी टीप आणि शक्य तितकी छोटी केबल, ते काम आमच्याकडे कमी येतं म्हणून इथे एवढंच.

पावसाळ्याचं मात्र मनावर घ्या. जून ते सप्टेंबर आम्ही आता रोज संध्याकाळी ०.८ चा स्पूल काढतो, टोक स्पूलच्या भोकात अडकवतो, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधतो आणि ऑफिसच्या कपाटात ठेवतो. कोकणातले, गोव्यातले लोक तर हे वर्षभर करत असतील तरी योग्यच आहे. ज्या मशीनवरचा स्पूल काढणं जमत नाही, तिथे फीडरचं झाकण बंद आणि वर ताडपत्री. वरच्या एक-दोन थरांवर गंज आलाच तर तो भाग ओढून भंगारात टाका, त्याला जपत बसू नका, एका लायनरच्या किमतीत तेवढी तार कितीतरी वेळा येते. तार रोलरच्या आधी जिथून जाते तिथे स्वच्छ कोरडा नमद्याचा तुकडा कपड्याच्या चिमट्याने लावा, दोन दिवसांनी त्याचा रंग बघा आणि बदला.

हे सगळं करूनही तार अडखळत असेल, म्हणजे दाबाचा हात उचलल्यावर तार हलकी येते, रोलर नवीन आहे, लायनर योग्य मापाचा आहे, अर्थिंग चकचकीत आहे, तर मग मोटरकडे या. दाबाचा हात उचलून, तार न पकडता मोटर चालवा आणि रोलरकडे बघा. रिकामा रोलरच थांबत-थांबत फिरत असेल तर मोटरचे कार्बन ब्रश, गिअर, किंवा तिला मिळणारा पुरवठा बघावा लागेल. ट्रिगर दाबूनही कधी फिरतो कधी नाही, असं असेल तर आधी ट्रिगरचा स्विच आणि टॉर्चच्या मागच्या कनेक्टरच्या दोन बारीक पिना बघा, त्या आत दबलेल्या असतात, बोर्डावर जायच्या आधी. बोर्डाचं झाकण स्वतः उघडू नका, इन्व्हर्टर मशीन बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये बराच वेळ करंट असतो. मेकॅनिकला बोलवा, आणि फोनवरच सांगा की रिकामा रोलर कसा फिरतो, केबल सरळ असताना सहा सेकंदात किती तार निघते आणि वेढा घातल्यावर किती, लायनर कुठल्या रंगाचा आणि कधी बदलला. एवढं ऐकल्यावर तो योग्य तो सुटा भाग घेऊनच निघेल.